‘फेस नाही,’ असं मी म्हणाले म्हणे

अन्याय देवयानी ठोंबरे हिच्यावर झाला. वय सत्तावीस, मूळची नागपूरची, मुक्काम डब्लिन, ओहायो. वेळ: गेल्या वर्षी मार्चातला दुसरा मंगळवार, सकाळी अकराला दहा कमी. जागा: युनिव्हर्सिटीच्या दवाखान्यातली चार नंबरची खोली.

देवयानी म्हणजे मीच. पण तिसऱ्याच कुणाबद्दल लिहावं तसं हे मी मुद्दाम लिहिलंय. का, ते पुढे कळेल.

मी पीएचडी करते आणि उरलेल्या वेळात पत्रकं लिहिते. भाडेकरूंची, टीचिंग असिस्टंटांची, बंद पडलेल्या हीटरची. पत्रकाचा नियम मला पहिल्याच वर्षी शिकवला गेला. पहिल्या ओळीत सांग कुणावर अन्याय झाला आणि नेमका कधी. शेवटी सांग वाचणाऱ्याने काय करायचं. मधलं लोक वाचतात किंवा वाचत नाहीत.

हे मधलं मात्र वाचा. यात माझ्या दोन किडन्या पणाला लागल्या होत्या, आणि त्यांचा एक भाग मी कायमचा हरले आहे.

चार नंबरची खोली

उजव्या बरगडीखाली जड जड वाटायचं म्हणून माझी सोनोग्राफी झाली होती. रिपोर्टमध्ये आलं: लिव्हरमध्ये चरबी. डॉक्टरांनी स्क्रीनवर रिपोर्ट वाचला, माझ्याकडे पाहिलं, माझ्या वजनाच्या आकड्याकडे पाहिलं, आणि त्यानंतर पुन्हा माझ्याकडे पाहिलं नाही.

"वजन कमी करा. चाला. गोड सोडा. सहा महिन्यांनी भेटू."

मी म्हणाले, "अजून दोन गोष्टी आहेत. लघवीला फेस येतो. फ्लश केलं तरी थोडा उरतो. आणि संध्याकाळी पाय सुजतात."

"पाणी जास्त प्या," ते म्हणाले. "वजन उतरलं की बरंच काही आपोआप ठीक होईल."

मग त्यांनी काहीतरी टाइप केलं. मला वाटलं, मी सांगितलं ते टाइप केलं.

अकरा मिनिटांत मी बाहेर होते.

नीट ऐका. वजन कमी करा, हा सल्ला चुकीचा नव्हता. मी लठ्ठ आहे. हा शब्द मी स्वतः लिहू शकते, त्यासाठी कुणी खाली बघायची गरज नाही. त्यांनी वजन पाहिलं हा अन्याय नव्हे. वजन पाहिल्यावर त्यांनी पाहणंच थांबवलं, हा अन्याय. एका कपात लघवी घेऊन त्यातलं प्रोटीन मोजायचं, एवढीच तपासणी हवी होती. तो कप त्याच खोलीत, सिंकच्या वरच्या कपाटात होता. मला तो दिसत होता.

सगळ्यांनाच असतं

मी मावशीकडे राहते. सुनंदामावशी, माझ्या आईची मोठी बहीण. अमेरिकेत येऊन तीस वर्षं झाली, पण नागपूर तिच्या जिभेवरून अजून उतरलेलं नाही. काका एका इन्शुरन्स कंपनीत आयटीत आहेत. त्यांची मुलगी ईशा अकरावीत. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर इंग्रजीत देते.

घरी येऊन मी रिपोर्ट सांगितला. मावशी कणीक मळत होती.

"हात्तिच्या. मला वाटलं काय झालं. फॅटी लिव्हर मला आहे, तुझ्या काकाला आहे. सगळ्यांनाच असतं."

"सगळ्यांना म्हणजे कुणाला?"

"अगं, आपल्या शनिवारच्या ग्रुपात कोणाला नाही ते विचार. तू काऊन घाबरून राहिली?"

काका सोफ्यावरून म्हणाले, "मला तर दोनदा आहे. एकदा इथल्या डॉक्टरने सांगितलं, एकदा नागपूरच्या. सेकंड ओपिनियन."

आम्ही हसलो. एखादा आजार सगळ्यांना असला की तो आजार राहत नाही, ओळखीचा होतो. बेल न वाजवता आत येतो, खुर्ची ओढून बसतो. त्याला चहा हवा का, एवढंच आपण विचारतो. किती दिवस राहणार, हे विचारत नाही.

पिशवी

मावशीच्या पँट्रीच्या दारामागे एका खिळ्याला केशरी कापडी पिशवी लटकते. नागपूरच्या साडीच्या दुकानातली. तिच्यात औषधं असतात. दर खेपेला देशातून आणलेली, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या सामानातून मागवलेली. गोळ्यांच्या पट्ट्या मावशी कात्रीने कापते, दोन-दोन चार-चार गोळ्या छोट्या झिपलॉक पिशव्यांमध्ये घालते आणि वर मार्करने मराठीत लिहिते: गुडघा. पोट. सर्दी, झोप येते. पित्त. नागीण.

आमच्या भागातल्या निम्म्या मराठी घरांत या झिपलॉक आहेत. कुणाची कंबर धरली की फोन मावशीला येतो. इथे डॉक्टरची अपॉइंटमेंट तीन आठवड्यांनी मिळते, मावशी वीस मिनिटांत दारात असते. मी तिची चेष्टा करत नाहीये. परक्या देशात आजारी पडलेल्या माणसाच्या दारात वीस मिनिटांत उभं राहणं ही मोठी गोष्ट आहे.

मी आदल्या सप्टेंबरपासून भाडेकरूंची पत्रकं घेऊन अपार्टमेंटांचे जिने चढत होते. गुडघे गेले. मावशीने "गुडघा" लिहिलेली झिपलॉक दिली.

"सकाळ-संध्याकाळ घे. रिकाम्या पोटी नको घेऊ, एवढं लक्षात ठेव."

मी सकाळ-संध्याकाळ घेतल्या. मार्चात डॉक्टरांनी चाला म्हटल्यावर रोज घराजवळच्या तळ्याला तीन फेऱ्या मारायला लागले, गुडघे आणखी सुजले, आणि दुपारचीही एक घेऊ लागले. शिवाय लिव्हरसाठी आईने कुणाच्या तरी बॅगेतून एक कडू भुकटी पाठवली, लोणच्याच्या रिकाम्या बरणीत. त्यात काय आहे हे आईला माहीत नव्हतं. देणाऱ्याला माहीत होतं म्हणे.

आता ऐका. त्या मंगळवारी दवाखान्याने अपॉइंटमेंटआधी फोनवर फॉर्म पाठवला होता. त्यात प्रश्न होता: सध्या कोणती औषधं घेता? मी "एकही नाही" वर टिचकी मारली. खोटं बोलतेय असं मनातही आलं नाही. आमच्याकडे औषध म्हणजे डॉक्टरने लिहून दिलेलं. पिशवीतली गोळी ही घरातली वस्तू असते. हळद, हिंग, पिशवीतली गोळी.

मोज्यांच्या खुणा

फेस जात नव्हता. खरं सांगायचं तर मी त्याची वाट पाहू लागले होते. पाणी खाली जायचं, नवं पाणी वर यायचं, आणि त्याच्यावर तो पांढरा, बारीक बुडबुड्यांचा थर तसाच तरंगत असायचा. मी दुसऱ्यांदा फ्लश करायचे. तो कडेला सरकायचा. ईशा बाथरूममध्ये निळी वडी टाकते, तिचाच फेस असेल, असं मी ठरवलं. मग वडी काढली. फेस राहिला.

जूनमधल्या एका शनिवारी दुपारी आमच्याकडे पॉटलक होतं, प्रत्येक घराने एकेक पदार्थ आणायचा. आपल्या घरात बूट-मोजे दाराशी काढतात. उन्हाळा, सगळे हाफ पँटीत, काही जणी कॅप्रीमध्ये. मी वाढत होते, भात पडला म्हणून खाली वाकले, आणि तिथून मला नुसते पाय दिसले. गालिच्यावर रांगेने बसलेल्या माणसांचे पाय. प्रत्येक घोट्याच्या वर मोज्याची गोल खूण. काहींची पुसट. काहींची खोल, दोरी आवळून सोडल्यासारखी. मोजे काढून दोन तास झाले होते. वर गप्पा चालल्या होत्या, कुणीतरी कोशिंबिरीत मीठ कमी म्हणत होतं, आणि खाली ती वलयं.

मी उठले, आत गेले, पलंगावर बसून नडगीवर अंगठा दाबला. उचलला. तिथे खड्डा राहिला. मी दहापर्यंत मोजलं, वीसपर्यंत मोजलं. खड्डा तसाच होता. माझ्याच पायाने माझं बोट लक्षात ठेवल्यासारखा.

दुखत काहीच नव्हतं. हे लिहून ठेवा. गुडघे सोडले तर मला एकदाही काही दुखलं नाही. दुखलं असतं तर बरं झालं असतं.

दात न घासणारी बाई

मला वाचवलं ते दातांच्या दवाखान्यातल्या बाईने. जुलैच्या शेवटी मी दात साफ करायला गेले होते. तिने आधी रक्तदाब घेतला. पुन्हा घेतला. मग दुसरा पट्टा आणून दुसऱ्या हाताला घेतला.

"आज मी तुमचे दात साफ करणार नाही," ती म्हणाली. "इथून सरळ अर्जंट केअरला जा. ड्राइव्ह करू नका. कोण येऊ शकेल न्यायला?"

"एवढं काय झालं?"

"तुम्ही किती वर्षांच्या आहात?"

"सत्तावीस."

"म्हणूनच," ती म्हणाली, आणि काका येईपर्यंत माझ्या शेजारच्या स्टुलावर बसून राहिली. तिचा पुढचा पेशंट बाहेर थांबला होता. तिने त्याला थांबू दिलं.

अर्जंट केअरमध्ये, म्हणजे वेळ न घेता जायच्या दवाखान्यात, त्यांनी कप दिला. तोच तो कप. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला. पलीकडच्या माणसाने आधी विचारलं, "आत्ता कुठे आहात? बसलेल्या आहात का?" लघवीतून प्रोटीन जात होतं, खूप. रक्त सांगत होतं की किडनी जेवढं गाळायला हवं त्यापेक्षा बरंच कमी गाळतेय. किडनीच्या डॉक्टरांची अपॉइंटमेंट नऊ दिवसांनंतरची मिळाली.

मी स्वयंपाकघराच्या स्टुलावर बसले होते. मावशी समोर भाजी चिरत होती. तिची सुरी थांबली, पण तिने मान वर केली नाही.

ती

त्या नऊ दिवसांत मी जुने कागद काढायला पोर्टल उघडलं. हे दवाखान्याचं ऑनलाइन रेकॉर्ड. आपले रिपोर्ट आपण बघतो. डॉक्टरांनी लिहिलेली नोंदही त्यात असते, ती कुणी उघडत नाही. मीही उघडली नव्हती. ईशा माझ्या खांद्यावरून वाचत होती.

मार्चातला तो मंगळवार. दहा पन्नास. देवयानी ठोंबरे, वय सत्तावीस.

लघवीत फेस: नाही, असं पेशंट सांगते.
पायांना सूज: नाही, असं पेशंट सांगते.
लघवीची इतर तक्रार: नाही, असं पेशंट सांगते.
औषधं: एकही नाही.
निदान: लठ्ठपणा. लिव्हरमध्ये चरबी.
सल्ला: वजन कमी करणे. पेशंटला समजले.

मी तीनदा वाचलं. असं नव्हे की त्यांनी लिहायचं राहून गेलं. त्यांनी लिहिलं होतं. माझ्या नावाने, माझ्या जन्मतारखेसह, माझ्या वजनासह कुणीतरी त्या खोलीत बसलं होतं आणि शांतपणे म्हणालं होतं: फेस नाही. सूज नाही. काही नाही.

"ताई," ईशा म्हणाली, "हू इज शी?"

"मी."

"नो. यू टोल्ड मी अबाउट द फोम. यू टोल्ड एव्हरीवन. हू इज धिस गर्ल?"

खरंच, कोण होती ती? मला वाटतं ती एका क्लिकमध्ये तयार होत असावी, सगळी "नाही" एकदम भरणाऱ्या बटणाने. पण त्या दिवशी स्वयंपाकघरात मला तसं वाटलं नाही. तिथे आत कुणीतरी बाई आहे असंच वाटलं. तब्येत उत्तम. पाय बारीक. डॉक्टरांना न आवडणारं काही कधी बोलत नाही. आणि पाच महिने सगळे तिच्याशी बोलत होते, तिच्या भल्याचे निर्णय घेत होते, तिला सहा महिन्यांनी या म्हणत होते. आणि मी तिच्या मागे उभी राहून सुजत होते.

मग माझं लक्ष त्या एका ओळीवर गेलं. औषधं: एकही नाही. ती तिची नव्हती. ती मी स्वतः लिहिली होती. डॉक्टरांनी तिला उभं केलं, पण चालायला मी शिकवलं.

पिशवी कुठे आहे?

किडनीच्या डॉक्टर उंच, सावकाश बोलणाऱ्या बाई होत्या, लहानपणी लागोसहून आलेल्या. त्यांनी विचारलं, काय काय घेता? मी, एवढं सगळं वाचून आलेली मी, म्हणाले, "तसं काही नाही."

त्यांनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "पिशवी कुठे आहे?"

मावशी माझ्या शेजारी बसली होती. तिला इंग्रजी उत्तम कळतं, पण तिने माझ्याकडे पाहिलं.

"प्रत्येक घरात एक असते," डॉक्टर म्हणाल्या. "माझ्या आईची निळी आहे. देशातून येते. ती औषधं आहेत असं आईला आजही वाटत नाही."

दुसऱ्या दिवशी मावशी पिशवी घेऊन आली आणि टेबलावर ओतली. डॉक्टर एकेक झिपलॉक उजेडात धरून बघत होत्या. "गुडघा" वर त्या थांबल्या. मला अर्थ सांगावा लागला. त्यांनी पट्टीच्या मागचं बारीक अक्षर वाचलं, डोळे मिटले, उघडले.

"अशा दुखणं मारणाऱ्या गोळ्या किडनीचा रक्तपुरवठा आवळतात. धडधाकट माणूस दोन दिवस घेतो, चालून जातं. तुमची किडनी आधीच ताणावर होती आणि तुम्ही जवळजवळ वर्षभर घेतल्यात."

"आधीच का ताणावर होती?"

मग त्यांनी मला ते सांगितलं, जे मार्चातल्या त्या सकाळी सांगायला अर्धं मिनिट लागलं असतं. लिव्हरमधली चरबी तिथे नुसती पडून राहत नाही. तिच्यामुळे शरीरात हळूहळू आतून दाह पसरतो, रक्तदाब चढतो, साखर बिघडते, आणि या सगळ्याचा मार किडनीच्या बारीक गाळण्यांना बसतो. शिवाय अंगावर जास्तीचं वजन असलं की किडनीला मुळातच जास्त गाळावं लागतं. प्रत्येक फॅटी लिव्हरवाल्याची किडनी बिघडते असं नाही. पण एक सापडलं की दुसरं बघायचं असतं.

"लिव्हर आणि किडनी एकमेकांशी बोलतात," त्या म्हणाल्या. "तुम्हाला ऐकू येत नाही एवढंच."

लोणच्याची बरणी त्यांनी तपासायला ठेवून घेतली. झाकण उघडलं तेव्हा खोलीभर आमच्या घराचा वास आला. मावशीने मान फिरवली.

खिडकीतले कप

गोळ्या बंद करून दहा दिवस झाल्यावर बायोप्सी ठरली. सकाळी सातला हॉस्पिटल. हातात नावाचा पट्टा, कागदी गाऊन, जो माझ्या मापाचा नव्हता. नर्सने न सांगता दुसरा आणून मागून पांघरला. अशा गोष्टी मी मोजत होते. ती पहिली.

मग तिने स्क्रीनवरून वाचायला सुरुवात केली. "औषधं एकही नाही, बरोबर?"

मी अंथरुणात उठून बसले. किडनीच्या डॉक्टरांनी सगळं लिहून घेतलं होतं, माझ्यासमोर. तरी जुन्या दवाखान्यातून कॉपी होत होत ती इथपर्यंत येऊन पोचली होती. माझ्याआधी येऊन माझ्या पलंगावर बसली होती.

"ते चूक आहे," मी म्हणाले. "मी वर्षभर रोज दुखण्याच्या गोळ्या घेत होते. शेवटची दहा दिवसांपूर्वी."

नर्सचा चेहरा बदलला. त्या गोळ्यांनी रक्त थांबायला वेळ लागतो, आणि इथे सुई किडनीत जाणार होती. ती डॉक्टरांना बोलवायला गेली. दहा दिवस पुरेसे होते, पण पुन्हा रक्त तपासून मगच मला आत नेलं. त्या सकाळी मी "हो, बरोबर" म्हणाले असते तरी चाललं असतं. पुढच्या कुणाचं चालेलच असं नाही.

मला पालथं झोपवलं, पोटाखाली टॉवेलची घडी. खोलीत अंधार केलेला. बाजूच्या पडद्यावर एक राखाडी आकार माझ्या श्वासाबरोबर वर-खाली होत होता. सत्तावीस वर्षं तो माझ्या आत होता आणि मी त्याला ओळखत नव्हते.

"श्वास घ्या. धरा."

स्टेपलर दाबल्यासारखा आवाज. पडद्यावरचा आकार एकदम थांबला. मी श्वास धरला होता म्हणून थांबला, हे कळायला मला एक क्षण लागला.

"सोडा."

त्यानंतर सहा तास पाठीवर, न हलता. रक्त येतंय का बघायला प्रत्येक वेळची लघवी थोडी कपात ठेवतात. नर्सने ते कप खिडकीत ओळीने मांडले. प्रत्येकावर माझं नाव आणि वेळ. बाहेर लख्ख ऊन. पहिला गुलाबी, मग फिकट, मग पिवळा. आणि प्रत्येकाच्या वर तो थर. पहिल्या कपातला तासाभराने बघितला, तरी बसला नव्हता.

मावशी खुर्चीत बसून त्या कपांकडे बघत होती. दुपारी एकदाची बोलली.

"म्हणजे मीच."

"मावशी, नको ना."

"नाही, सांगून राहिली मी. लेकराला हाताने दिलं मी. वर म्हणाले, रिकाम्या पोटी नको घेऊ."

"फॉर्मवर नाही म्हणून मी लिहिलं."

"तुला कुठे ठाऊक होतं?"

"मग तुला तरी कुठे ठाऊक होतं?"

ती उठली. माझ्या पायावरची चादर सरकवून तिने नडगीवर अंगठा दाबला, मी तिला दाखवलं होतं तसा. खड्डा पडला. ती बघत राहिली. मग तिने आपला मोजा खाली केला, स्वतःच्या पायावर तोच अंगठा दाबला, आणि उचलला.

मला पलंगावरून दिसत होतं. खड्डा भरला नाही.

मोजा झटकन वर ओढत ती म्हणाली, "उभं राहून राहून होतं तसं. सगळ्यांनाच होतं."

काय परत आलं, काय नाही

बायोप्सीने सांगितलं: काही गाळण्या वजनाच्या ओझ्याने ताणून मोठ्या झालेल्या, काहींवर व्रण पडलेले. त्याशेजारी गोळ्यांनी केलेली ताजी इजा. ताजी इजा बरीच भरून येते, व्रण जात नाहीत. भुकटीवर कुणी ठामपणे बोट ठेवलं नाही, पण परत घेऊ नका म्हणाले. रक्तदाबाची गोळी सुरू झाली, जी किडनीलाही सांभाळते. वजनासाठी औषध आणि एक आहारतज्ज्ञ, जिने मला भाकरी सोड म्हटलं नाही. गुडघ्यांसाठी व्यायाम.

वर्ष झालं. लिव्हरचा कडकपणा मोजायला एक यंत्र बरगडीवर टकटक करतं, बाहेरून कुणी दार वाजवावं तसं. मागच्या वेळी रिपोर्ट बरा आला. किडनी पहिल्यासारखी नाही, पण घसरायची थांबली आहे. फेस कमी झालाय. पूर्ण गेलेला नाही. मी अजून वाकून बघते.

रेकॉर्डमध्ये दुरुस्ती मागायचा हक्क इथे आहे, तो मी वापरला. दवाखान्याने उत्तर पाठवलं: नोंद अचूक आणि पूर्ण आहे. मग मी माझं म्हणणं लिहून दिलं, ते त्यांना फाइलला जोडावं लागतं. एक पान. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं पत्रक. त्यात हेही लिहिलं की एक ओळ मी स्वतः खोटी भरली. ती बाई अजून तिथेच आहे, फक्त आता तिच्या शेजारी मी उभी आहे.

मावशी सात महिने तपासणीला तयार नव्हती. आमचं बोलणं मिठा-तेलापुरतं उरलं होतं. पिशवी मात्र तिने खिळ्यावरून काढली होती. मग या एप्रिलमध्ये एका दुपारी ती लॅपटॉप घेऊन माझ्यासमोर बसली.

"माझं पण उघडून दे."

मी उघडून दिलं. तिने चष्मा लावून, बोट ठेवून वाचलं. सुनंदा, वय अठ्ठावन्न. फॅटी लिव्हर. सूज: नाही, असं पेशंट सांगते. औषधं: एकही नाही. लघवीतल्या प्रोटीनची तपासणी कधी झाल्याची नोंद कुठेच नव्हती.

"ही कोण बाई आहे?" मावशी म्हणाली. तिचा आवाज अगदी हळू होता. "मी तर बोलून राहिली होती त्यांच्याशी, किती वर्षं."

गुरुवारी ती पिशवी घेऊन आपल्या डॉक्टरांकडे गेली आणि टेबलावर ओतली. लघवीत प्रोटीन निघालं, थोडं. व्रण पडण्याआधी सापडलं असावं, म्हणाले. त्या आठवड्यात तिने झिपलॉक गेलेल्या प्रत्येक घरी फोन केला. काही हसले. काही रागावले. शनिवारच्या ग्रुपातल्या देवधरकाकू म्हणाल्या, "सुनंदा, आता तू पण घाबरवायला लागलीस का? सगळ्यांनाच असतं."

"हो ना," मावशी म्हणाली. "म्हणूनच."

आता तुम्ही. तुमच्या रिपोर्टमध्ये लिव्हरला चरबी आलेली आहे, आणि कुणीतरी ते हसण्यावारी नेलेलं आहे. मोजा काढा, नडगीवर अंगठा दाबा, उचला, वीसपर्यंत आकडे मोजा. खड्डा पडला नाही म्हणून सुटलात असं समजू नका, आजार खड्ड्याच्या आधी येतो. डॉक्टरने लिहून दिलेली गोळी मनाने बंद करू नका. न लिहून दिलेली प्रत्येक गोळी, पूड आणि काढा एका पिशवीत भरा, डॉक्टरच्या टेबलावर ओता, आणि लघवीतलं प्रोटीन व रक्तातली किडनीची तपासणी दोन्ही मागा. गरज नाही म्हणाले, तर म्हणा: मी मागितली आणि तुम्ही नाही म्हणालात, एवढं माझ्या फाइलमध्ये लिहा, मी इथेच बसते.

आणि घरी येऊन पोर्टल उघडा. तुमच्या नावाचं कुणीतरी आत्ता या क्षणी तिथे बसून मला काही होत नाही म्हणतंय. त्याला खोटं पाडा. उद्या नाही, आज.